हा टिपका माझा न्हाई

गॅरेजला ट्रॅक्टर आणायचा म्हटलं की लोक आधी तो धुतात, निदान चाकांचा चिखल तरी खरवडून काढतात. आमचे गहिनीनाथ तात्या आधी नेलपॉलिश काढतात.

लाल रंगाची, लेकीच्या डब्यातली. गोठ्याचं फाटक आतून लावायचं, ट्रॅक्टरखाली गोणपाट अंथरायचं, उताणं पडायचं आणि जो पार्ट मिस्त्री खोलणार असेल त्याच्यावर, कुणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी, मोहरीएवढा एक टिपका ठेवायचा. कशासाठी? तर मिस्त्रीनं चांगला पार्ट काढून त्याच्या जागी भंगार बसवू नये म्हणून. आणि मिस्त्री कोण? मी. दुसरा कोण असणार!

मी शिमोन. तिसगावला स्टँडच्या अलीकडं माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. पहिली दोन-तीन वर्षं हे टिपके मला कंपनीचेच वाटायचे. मी गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचो, "बघा, ओरिजिनल मालाला असा लाल टिपका असतो." एकदा हे तात्यांच्या देखत बोललो, तर त्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा सांगितला. तात्या आणि चहा सांगतात! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खरं काय ते वर्षभरानं मंगलनं सांगितलं.

मंगल त्यांची लेक. नवरा बरीच वर्षं आजारी होता, तो वारल्यावर माहेरी आली. आई आधीच गेलेली, त्यामुळं घरात ही दोघंच. शेतातलं सगळं मंगल बघते, फक्त ट्रॅक्टर सोडून. ट्रॅक्टरला हात लावायची कुणाला परवानगी नाही. तिनं एक-दोनदा म्हणून पाहिलं, "तात्या, मला शिकवा, मी चालवीन." तात्या म्हणाले, "आसं तू म्हनती."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जगातल्या कुठल्याही गोष्टीला.

"तात्या, आज बाजार."

"आसं तू म्हनतो."

"तात्या, ऑइल बदलायला झालंय."

"आसं तू म्हनतो."

"तात्या, माझा बाप वारला तेव्हा तुम्ही मातीला आला होता."

"आलो व्हतो. पन डॉक्टर काय म्हनला ते मी बघितलं न्हाई."

आता काय करावं या माणसाला! बरं, मनानं वाईट नाहीत. त्यांना फक्त असं वाटतं की सगळं जग कामधंदा सोडून त्यांच्याच मागं लागलंय. शेजारचा शेतकरी बांध कोरतो, हे तर झालंच. पण हाच शेजारी पहाटे येऊन त्यांची म्हैस पिळून नेतो, असाही त्यांचा गेल्या दोन वर्षांपासूनचा संशय. का, तर घरात चहा अर्धाच कप मिळतो. एवढी दुभती म्हैस दारात आणि कप अर्धा, मग उरलेलं दूध जातं कुठं? दोनदा पहाटे पाळत ठेवून झाली. शेजारी काही सापडला नाही. त्यावर तात्यांचं म्हणणं, "लई हुशार हाय. मी जागा असलो का येत न्हाई."

माझ्यावर संशय घ्यायला तर त्यांना बारमाही निमित्तं. मी रविवारी गॅरेज बंद ठेवून चर्चला जातो. तात्या म्हणतात, "बंद असतं तर मंग आतून खडखड कशाची येती?" अहो, पत्र्यावर कावळे नाचतात! नाही. बंद दाराआड मी लोकांचे पार्ट अदलाबदल करतो, असा त्यांचा पक्का समज.

काम चालू असताना ते माझ्या डोक्याशी स्टूल टाकून बसतात. मी गाडीखाली असलो तर ते वाकून बघतात, मी उठलो तर ते उठतात. लघवीला जायचं झालं तर मला म्हणतात, "चल, तू बी चल." मला लागलेली नसली तरी जावं लागतं. काम झालं की काढलेला प्रत्येक जुना पार्ट, झिजलेला बुश असो की चपटा झालेला वॉशर, मोजून पोत्यात भरतात आणि घरी नेतात. त्यांच्या गोठ्यात अशी पोती आहेत, मंगल म्हणते त्यात अजून एक ट्रॅक्टर निघेल.

ट्रॅक्टरची चावी त्यांच्या करदोड्याला बांधलेली असते. अंघोळीलासुद्धा सोडत नाहीत. आता तुम्हाला म्हणून सांगतो, त्या जुन्या निळ्या ट्रॅक्टरला चावी लागतच नाही. चमच्याची दांडी खुपसून फिरवली तरी चालू होतो. हे मी तात्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तालुक्यातले सगळे चमचे गोळा केले असते.

पण त्यांचं खरं कुलूप चावी नव्हतंच. खरं कुलूप होतं स्टेअरिंग. जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग सैल होतंच, त्याला आम्ही प्ले म्हणतो. म्हणजे वर चाक फिरवलं तरी खाली टायरला काही वेळ पत्ताच लागत नाही. थोडाफार प्ले सगळ्यांनाच असतो. तात्यांच्या गाडीला पाव फेरा होता! मी दरवर्षी म्हणायचो, "तात्या, आता हे काम करून घ्या." तात्या जवळ यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळूच सांगायचे, "आसू दे. चोरानं नेली तर पयल्याच वळनावर वढ्यात जाईल. फकस्त मलाच ठावं, किती फिरवलं का किती वळती ती."

आणि खरंच, त्या पाव फेऱ्याच्या सैल स्टेअरिंगवर तात्या अशी पेरणी करायचे की बघत राहावं. रस्त्यानं जाणारे थांबायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ, दोरी लावून आखलेली. तात्यांना अख्ख्या गावात मान होता तो एवढ्या एकाच गोष्टीचा, आणि तो त्यांना पुरेसा होता.

या वर्षी ज्वारीच्या पेरणीआधी मात्र ते आपणहून आले. चिंचेच्या वळणावर पुढची चाकं नाचायला लागली, गाडी कांद्याच्या टेम्पोच्या अंगावर गेली, टेम्पोवाल्यानं आईबहिणीवरून उद्धार केला. तात्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "कुनीतरी सैल केलंय."

"कुणी नाही केलं तात्या. चाळीस वर्षांची गाडी आहे. झिजली."

"आसं तू म्हनतो."

प्ले कुठं आहे ते शोधायची एक पद्धत असते. एकानं वर सीटवर बसायचं आणि स्टेअरिंग हळूहळू डावीउजवीकडं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली बसून एकेका जॉइंटवर बोट ठेवायचं. जिथं बोटाला टकटक लागते, तो जॉइंट गेलेला. दोन माणसांचं काम आहे, आणि दोघांचा एकमेकांवर भरवसा पाहिजे. आता तात्यांच्या सीटवर कोण बसणार? तात्याच. दुसऱ्या कुणाला त्या सीटवर बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते वर, मी खाली, असं आम्ही सगळं तपासलं.

टकटक सगळीकडंच होती. चाक ज्या उभ्या पिनीवर वळतं तिचे बुश गेलेले, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे जॉइंट गेलेले, एक्सलची मधली पिन तर एका बाजूनं निम्मी झालेली. मी सगळं नवं टाकायचं ठरवलं. नगरहून माल मागवला. खोकी तात्यांच्या समोर फोडली. प्रत्येक नवा पार्ट हातात घेऊन ते माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे, खिशातून बाटली काढायचे, काहीतरी करायचे आणि मग पार्ट माझ्या हाती द्यायचे. मी न बघितल्यासारखं करायचो. इतक्या वर्षांची सवय होती मला.

तीन दिवस घातले मी त्या कामाला. आणि शिमोनच्या हाताला यश आहे हो, स्वतःच्या तोंडानं सांगतो. पाव फेऱ्याचा प्ले एका बोटावर आला. चाक जरा हलवलं की टायर हललाच पाहिजे. तात्या काही न बोलता गाडी घेऊन गेले. म्हणजे काम पसंत पडलं, असं मी समजलो.

चौथ्या दिवशी परत.

"मिस्तरी, काय करून ठिवलंय तू? तासं वाकडी येत्यात."

मी म्हटलं, शक्य नाही. मोटरसायकल काढली आणि रानात जाऊन पाहिलं. खरंच वाकडी होती. फार नाही, पण तात्यांची म्हणून बघितलं तर डोळ्यात येणारी. बारीक बारीक हेलकावे घेत गेलेली. सहा तासं पेरून तात्यांनी हात आखडला होता. रस्त्यावरून दिसतील म्हणून मंगलला त्या बाजूला गवताचे भारे रचायला लावले होते. आणि जमिनीतली ओल तर कुणासाठी थांबत नाही. आठ-दहा दिवसांत पेरणी झाली नाही की ज्वारी गेली.

गाडी परत घेतली. तात्या वर, मी खाली. बोट लावलं. जॉइंट पक्का. दुसरा पक्का. पण एक गंमत होती. टकटक कुठंच नव्हती, आणि तरी माझ्या बोटाखाली सगळंच थरथरत होतं. इंजिन तर बंद होतं! मी स्टेअरिंगचा बॉक्स खोलला, बेअरिंग बघितलं, परत बसवलं. पुन्हा तेच. मग माझं डोकं फिरलं. नगरच्या दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला असेल का? की आपलंच काहीतरी चुकतंय, वय झालं आपलं? तात्यांच्या नादानं मला स्वतःवरच संशय यायला लागला.

तिसऱ्यांदा ते आले बाजाराच्या दिवशी. स्टँडवर ही गर्दी. गॅरेजच्या बाहेरच त्यांनी गाडी लावली, स्वतः खाली वाकले, फडक्यानं ग्रीस पुसलं आणि जॉइंटवरचा टिपका बघितला. उठले तेव्हा चेहरा लालबुंद.

"हा टिपका माझा न्हाई!"

"काय?"

"हा टिपका माझा न्हाई! माझा टिपका मव्हरीयेवढा असतो. हा बघा हरबऱ्यायेवढा, आन वघाळलाय. माझा नवा पार्ट काढला, जुना बसवला आन वर खोटा टिपका मारला ह्यानं! बघा मंडळी, बघा!"

मंडळी लगेच जमली. बाजारात असं काही फुकट मिळालं तर कोण सोडतो? चहावाला भट्टी सोडून आला. मी म्हटलं, "तात्या, तोंड सांभाळून बोला. बापाच्या वेळेपासून गॅरेज आहे हे, कुणाचा एक नट घेतलेला नाही."

"मंग घे शपथ! घे तुझ्या देवाची शपथ."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. बायबलात मनाई आहे."

"बघा! शपथ घेत न्हाई!"

गर्दीतून कुणीतरी "हं" केलं. त्या एका 'हं'मध्ये माझं नाव गेलं, ते मला ऐकू आलं. मग माझाही तोल सुटला. मी तात्यांच्या खिशात हात घातला, बाटली काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. "हे घ्या. मारा टिपका. इथं, मडगार्डवर, समद्यांच्या समोर मारा. होऊ द्या खरं-खोटं!"

तात्यांनी झाकण फिरवलं. ब्रश बाहेर काढला. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो, बाकीची मंडळी माझ्या पाठीमागं.

ब्रश थरथरत होता. ब्रश नव्हे, हात. मनगटापासून बोटांपर्यंत, बारीक, एकसारखा, मी इतके दिवस बोटाखाली शोधत होतो अगदी तस्साच. तात्यांनी हात मडगार्डपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. त्यांना दिसलं. मला दिसलंय, हेही त्यांना दिसलं.

त्यांनी ब्रश परत बाटलीत घालायला घेतला. बाटलीचं तोंड ते केवढं! तिसऱ्या खेपेला गेला आत. मग ते गाडीवर चढले आणि निघून गेले.

लोकांना काय दिसलं? शिमोननं शपथ घेतली नाही, आणि तात्या रागानं निघून गेले. झालं. संध्याकाळपर्यंत दोघांनी आपले ट्रॅक्टर खोललेले तसेच ओढून नेले. एकानं तर जाता जाता आपले बोल्ट मोजले, तेही माझ्यासमोर. मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं, की अहो त्यांचा हातच हलतो, टिपका कुठला खोटा! रविवारी चर्चमध्ये बसलो तरी तेच डोक्यात. पण सांगणार कसं? माझा राग गेला नव्हता, गिऱ्हाइक तुटत होतं, तरी ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी शटर उचलतोय तर तात्या समोर. ट्रॅक्टर उभा, खांद्यावर एक पोतं. पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, "वर बस."

"कुठं?"

"सीटवर. हालव स्टेरिंग. मी बोट लावतो."

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. पण ते खाली बसलेसुद्धा होते. मी चढलो. ती सीट एका बाजूनं खचलेली, त्यांच्या बसण्यानं. मी स्टेअरिंग हळूहळू हलवायला लागलो. तात्यांनी एका जॉइंटवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग पलीकडच्या चाकाला गेले. दहा मिनिटं तरी मी हलवत होतो. शेवटी मीच म्हटलं, "तात्या, पक्कं आहे."

आणि तात्या 'आसं तू म्हनतो' म्हणाले नाहीत. तिथंच टायरला टेकून बसले.

"तुझं काम बराबर हाय," म्हणाले. "त्यो टिपका बी माझाच आसंल. पाठ करून मारला, नीट बघितलाच न्हाई."

मी खाली उतरून शेजारी बसलो. "कधीपासून होतंय?"

"दुसरी सुगी. गाडी सैल व्हती तवा बरं व्हतं. हात हालला तरी चाकाला कळत नव्हतं, गाडी आपली सरळ जायाची. तू घट्ट केली. आता माझ्या हातातलं समदं थेट चाकात जातंय."

अरे देवा! म्हणजे मी तीन दिवस खपून त्या बिचाऱ्याचं पांघरूणच ओढून काढलं होतं.

तात्यांनी पोतं सोडलं. आत त्यांचे जुने बुश, जुने जॉइंट, ती निम्मी झालेली पिन. "हे परत बसव," म्हणाले. "टिपके बघून घे, समदं माझंच हाय. तू बसव, आन मी पुढच्या बाजारात सांगतो का मिस्तरी चोर न्हाई म्हनून."

खोटं कशाला बोलू, मनात आलं. बसवावं, नाव वाचेल. पण त्या पिनीला एका बाजूला धातूच उरला नव्हता. "तात्या, हे नाही होणार माझ्याच्यानं. रस्त्यात चाक निखळलं तर समोरून कोण येत असेल काय सांगावं? गाडी मंगलला चालवू द्या की. आता घट्ट आहे, तिला जमेल."

"तिला कळू द्यायचं न्हाई," तात्या एकदम ओरडलेच. मग आवाज खाली आला. "नवऱ्याचं पाच वरीस केलं तिनं. उचलून अंघूळ घातली त्येला. आता जरा मोकळी झाली तर मी पडू व्हय तिच्या गळ्यात? हात हालतो म्हनलं का तिचं पुन्हा दवाखाना, गोळ्या, तेच. न्हाई. तिला न्हाई कळू द्यायचं."

इतकी वर्षं ओळखतो मी या माणसाला. त्यांनी कुणावर संशय घेतला नाही असा एक दिवस आठवत नाही. आणि लपवत काय होते, तर हे. माझे डोळे भरून आले. तात्यांनी लगेच विचारलं, "का रं, काय झालं?" मी म्हटलं ग्रीस गेलं. पोतं खांद्यावर टाकून ते निघून गेले, आणि आता काही ते परत यायचे नाहीत, असं मी धरून चाललो.

पुढच्या बाजाराला माझ्या गॅरेजात एकही गाडी नव्हती. मी उगाच पाने पुसत बसलो होतो. अकराच्या सुमाराला निळा ट्रॅक्टर स्टँडवर आला, नीट वळण घेऊन. सीटवर मंगल, डोक्याला रुमाल. तात्या मडगार्डवर, दोन्ही हातांनी दांडी धरून. गाडी थांबली तसे तात्या उतरले आणि माझ्याकडं न बघता थेट चहाच्या टपरीकडं गेले. मी मंगलला विचारलं, "हे कसं काय?"

"काय करनार शिमोनदादा? सोमवारी तुमच्याकडून आले आन गाडीपाशी नुसते हुबे राहिले. वर चढंनात. ओल चाललेली. मी घरातून चमचा आनला आन त्यांच्यासमोरच गाडी चालू केली."

"चमचा? तुला माहीत होतं?"

"तीन-चार वर्षं झाली. ते पाथर्डीला गेले का मी चालवायची. ते डिझेल मोजायला टाकीत काडी बुडवून जायचे, मी तेवढंच परत वतून ठेवायची. कधी कळलं न्हाई त्यांना." ती हसली. "तात्या आधी लई चिडले. मंग खाली बसले आन हसले."

तात्यांना हसताना मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं एवढ्या एका गोष्टीवर माझा अजून विश्वास नाही.

"आणि हाताचं?" मी हळूच विचारलं.

"ते तर दोन वर्षांपास्नं म्हाईत हाय मला. म्हनून तर चहा अर्धाच कप देते. हिंदकळू नये, त्यांना कळू नये म्हनून. हाताचं मला म्हाईत हाय हे सोमवारी त्यांना सांगून टाकलं. नगरच्या डॉक्टरकडं चला म्हनलं तर म्हनतात, 'आसं तू म्हनती.' पन येतील. मी नेईन."

मी स्टेअरिंगकडं बघितलं. चाकाच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, एक लाल टिपका. चांगला बोराएवढा, दोन्हीकडं ओघळलेला. "हे तात्यांनी मारलंय," मंगल म्हणाली. "टिपका वर असला का चाकं सरळ. मला समजावं म्हनून."

तेवढ्यात टपरीपाशी तात्यांचा आवाज चढला. आठवडाभर मला ओळख न दाखवणारी सगळी मंडळी तिथंच बसलेली. तात्या त्यांच्या मध्ये उभे होते, आणि त्यांनी उजवा हात वर केला होता. तो हलत होता, आणि या खेपेला ते लपवत नव्हते.

"बघा. नीट बघा समदे. मिस्तरीनं काय बदललं न्हाई. बदललाय त्यो ह्यो हात. टिपका माझाच व्हता. मी त्येला चोर म्हनलो, ते माझं चुकलं."

तात्यांनी हात खाली घेतला. मग बोल्ट मोजून नेणाऱ्या त्या गड्यानं मला तिथूनच हाक मारली, "शिमोनभाऊ, उद्या गाडी आणू का?" मी म्हटलं, "आण. मोजून आण." लोक हसले. तात्या हसले नाहीत.

ते गॅरेजात येऊन नेहमीच्या स्टुलावर बसले. चहावाला तीन कप काठोकाठ भरून ठेवून गेला. तात्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. मी त्यांच्या कपातला निम्मा चहा माझ्या बशीत ओतून घेतला. तात्या त्या अर्ध्या कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी मंगलकडं बघितलं, आणि मंगलनं मान खाली घातली.

"म्हंजी म्हैस..." एवढंच ते म्हणाले आणि कप दोन्ही हातांनी उचलला.

मी विचारलं, "पेरणी उरकली ना? तासं कशी आली तात्या?"

"सरळ आलीत," तात्या म्हणाले. "आसं ती म्हनती."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी चहा संपवला, कप सांभाळून खाली ठेवला.

"मी बघाया गेलोच न्हाई."